निर्यात-भागीदारी आणि आर्थिक वृद्धी : बांगलादेशाच्या वस्त्रनिर्यातीची चिकित्सा

निर्यात आणि आर्थिक वृद्धी यांचा संबंध तपासणारे बरेचसे अभ्यास निर्यातीकडे केवळ एक राशी म्हणून पाहतात. निर्यात अमुक टक्क्यांनी वाढली तर राष्ट्रीय उत्पन्न किती वाढते, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. माल कोणास विकला आणि खरेदीदार राष्ट्राने त्यावर कोणत्या अटी घातल्या, हे त्या समीकरणात येत नाही. ही उणीव किती गंभीर आहे, हे बांगलादेशाच्या तयार कपड्यांच्या उद्योगावरून स्पष्ट व्हावे. त्या देशाच्या निर्यातीत या एका उद्योगाचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे.

१९७४ च्या मल्टिफायबर करारान्वये विकसित राष्ट्रांनी कपड्यांच्या आयातीवर देशनिहाय कोटे बसविले. कोट्यात अडकलेल्या दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीस कोटामुक्त भूमी हवी होती. चितगावच्या देश गारमेंट्सला तंत्रज्ञान हवे होते. १९७९ मध्ये देशचे सुमारे १३० कर्मचारी कोरियात शिकून आले आणि त्यांतील अनेकांनी पुढे इतरत्र, काहींनी स्वतःचेही, कारखाने उभे केले. खरेदीदाराच्या पतपत्राच्या आधारे कापड मागविण्याची सोय व शुल्कमुक्त बॉन्डेड गोदामे यांमुळे अल्प भांडवलाच्या उद्योजकासही वाट मिळाली. या यशाला मुक्त व्यापाराचे फळ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, त्याचे बीज व्यापारावरील निर्बंधातच होते.

खरा मुद्दा त्यापुढचा आहे. अमेरिकेने १९८५ पासून बांगलादेशी कपड्यांवर कोटे लावले. परंतु कापड कोठले असावे, याबाबत तेथील खरेदीदारांचा आग्रह नव्हता. मागावरील कापडाचे शर्ट व पँट शिवणारे कारखाने त्यामुळे दीर्घकाळ आयात कापडावरच चालले. युरोपीय संघाची शुल्कमाफी मात्र उगम-नियमांशी बांधलेली होती : कापड देशातच तयार झाले पाहिजे. होजिअरी उद्योगाने ही अट पेलली. सूत, विणाई, रंगाई अशी साखळी देशात उभी राहिली. होजिअरीस भांडवल तुलनेने कमी लागते आणि सरकारनेही प्रोत्साहन-अनुदान दिले, हे मान्य करूनही भागीदाराच्या नियमाचा परिणाम नाकारता येत नाही. निर्यातीचे मूल्य सारखेच असले, तरी एका व्यवहारात केवळ शिलाईची मजुरी देशात राहिली, दुसऱ्यात उद्योग राहिला.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्यानजीक राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेने त्याच वर्षी व्यापार-सवलत स्थगित केली. गंमत अशी की, बहुतांश कपडे त्या सवलतीत मुळी नव्हतेच. कामगार संघटना व मुख्यतः युरोपीय ब्रँड यांच्यातील बंधनकारक करारामुळे इमारतींची तपासणी सुरू झाली. हे तपासणीचे बळ खरेदीदारांकडे आधीपासूनच होते.

युरोपने २०११ मध्ये अल्पविकसित राष्ट्रांसाठी उगम-नियम शिथिल केले. आयात कापड शिवले तरी शुल्कमाफी मिळू लागली. निर्यात वाढली, पण मागावरील कापडाच्या गिरण्या काढण्याचे एक कारणही कमी झाले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये बांगलादेशाच्या अल्पविकसित गटातून बाहेर पडण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरविली. तो दर्जा सुटल्यावर युरोपची पूर्ण माफी आणखी तीन वर्षे टिकते. त्यानंतरच्या सवलतीसाठी कापड देशातच तयार करण्याची अट पुन्हा लागू होते. शर्ट शिवणाऱ्या कारखान्यांना तेव्हा कापड कोठून मिळणार, याचे उत्तर निर्यातवाढीच्या टक्केवारीत सापडत नाही.