दोन वितींची मोटार: एक परीक्षण

म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, शेळ्यांचा गट, रसवंतीचा चरक... एवढ्या सगळ्यांचे कर्जप्रस्ताव आजवर माझ्या टेबलावरून पुढे गेलेले आहेत. मोटारींचेही गेले. पण त्या मोटारींत निदान माणूस बसत असे. गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने ज्या मोटारीसाठी माझ्यापुढे हात पसरला, तिच्यात फार तर एखादी खार बसली असती, आणि तीही अंग चोरून.

पुतण्या पुण्याला एका वर्कशॉपात नोकरीला आहे. रविवारी तिथली पोरं कुठल्याशा रिकाम्या पार्किंगमध्ये खडूने रस्ता आखतात आणि रिमोटवरच्या विजेच्या मोटारी पळवतात. खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराच्या. या जातीला म्हणतात 'टूरिंग कार'. आमच्या लहानपणी टूरिंग टॉकीज होती, ती तंबू-कनातीसकट गावोगाव फिरायची. या टूरिंग कारला आमच्या पिंगळीच्या घराचा उंबरठासुद्धा ओलांडता येत नाही. तिचं पोट जमिनीपासून पाच-सात मिलिमीटर वर. सपाट डांबर नाहीतर गालिचा, एवढ्यावरच बाईसाहेब चालणार. आमच्या काळ्या रानात एक पावसाळी सर झाली, तर दोन पायांचा माणूस चपला हातात घेऊन चालतो, तिथे हिची काय कथा!

तर पुतण्या बारा गाड्यांत दहावा आला होता. (अकराव्याची बॅटरी संपली होती आणि बारावा आलाच नव्हता.) दोष अर्थातच गाडीचा. नवी गाडी पाहिजे, कार्बन फायबरच्या पाटीची, पट्ट्यावर चालणारी, खास शर्यतीची. सुटे भाग, मोटर, बॅटऱ्या धरून पन्नास हजारांचं कर्ज, आणि जामीनदार मी. "काका, फक्त पप्पांना सांगू नका." हे वाक्य ज्या कर्जप्रस्तावात येतं तो प्रस्ताव कसा असतो, हे सांगायला कॉमर्सची पदवी लागत नाही.

पण मी नाही म्हटलं नाही. बँकेचा नियम असा, की नवं तारण बघण्याआधी जुनं तपासायचं. म्हटलं, "आधी आहे ती गाडी दाखव."

त्याच्याकडे होती जपानच्या तामियाची टीटी-०२. या तामियावाल्यांचं मला कौतुक आहे. १९७६ साली त्यांनी पहिली रिमोटची मोटार काढली, पोर्श ९३४. ती हुबेहूब व्हावी म्हणून मालकांनी एक खरी पोर्श विकत घेऊन सगळी सुटी केली म्हणतात. आमच्याकडे सायकलची चेन सुटी केली तरी एक कडी उरते. असो. टीटी-०२ आली २०१३ साली, टीटी-०१ची धाकटी बहीण म्हणून, आणि नवशिक्यांची गाडी हीच तिची ओळख.

आता परीक्षण करायचंच तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. गुण असा, की गाडीचा सांगाडा म्हणजे प्लॅस्टिकची एक उथळ परात. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला मोटर, मधून एक दांडा जातो आणि चारही चाकं फिरवतो. गिअर डबीत बंद. आमच्याकडच्या धुळीत ही फार मोठी गोष्ट आहे. पट्ट्याच्या गाडीत पट्टा उघडा, त्यात एक खडा गेला की संपलं. दोष असे, की चाकं फिरतात ती बेअरिंगवर नव्हे, प्लॅस्टिकच्या बुशांवर. शॉक अब्सॉर्बर म्हणून जे दिलेत त्यांत तेलाचा थेंब नाही; स्प्रिंग आणि घर्षण, बस्स. वाड्याच्या दारासारखं, एकदा ढकललं की मनाला येईल तिथे थांबतं. आणि चाकाचा वरचा दांडा ठरीव लांबीचा, त्यामुळे चाक आत-बाहेर कलवायचं, ज्याला ही मंडळी कॅम्बर म्हणतात, तर तो दांडाच बदलावा लागतो.

यातली बेअरिंगची एकच गोष्ट खरोखर पहिल्या दिवशी पैसे घालून दुरुस्त करण्यासारखी. पुतण्याने तेवढीच केली नव्हती. त्याऐवजी निळ्या रंगाचे ॲल्युमिनियमचे भाग बसवले होते, दिसायला दिवाळीच्या आकाशकंदिलासारखे. प्लॅस्टिकचा भाग धडक बसली की लवतो आणि परत जागेवर येतो. हे ॲल्युमिनियम लवत नाही, धक्का मागच्या भागाच्या गळ्यात घालतं आणि आपण ताठ उभं राहतं. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर आम्ही रस्ता आखला. खडू माझा, विटा शेजारच्या आबांच्या बांधकामावरच्या. आबाही विटांमागोमाग आले आणि बिडी पेटवून बसले. एका फेरीला लागले १४.८ सेकंद. मी वहीत लिहिलं. पुतण्या म्हणाला, "बघा, स्पीडच नाही." आणि त्याने पेटीतून मोठा गिअर काढला.

इथे थोडं गणित सांगतो, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. मुळात या गाडीच्या मोटरवर २२ दातांचं चाक आणि त्याला लागून ७० दातांचं. पुढच्या गिअरचा हिशेब धरला तर मोटर ८.२७ वेळा फिरते तेव्हा गाडीचं चाक एकदा फिरतं. पुतण्याने २५ आणि ६८ची जोडी लावली, तो आकडा आला ७.०७. म्हणजे सरळ रस्त्यावर वेग वाढला, पण उठाव गेला. शिवाय मोटरला ओझं जास्त. पाच मिनिटांनी मी मोटरला बोट लावलं आणि ते बोट अर्धा दिवस पाण्यात ठेवलं. फेरी लागली १५.१ सेकंदांची. गाडी जोरात पळून उशिरा पोचली.

"म्हणूनच म्हणतो काका, चासिस बदलायला पाहिजे."

मग मला माझी कारकुनी आठवली. कॅश टॅली झाली नाही तर आम्ही नवी तिजोरी मागवत नाही. एकेक व्हाउचर तपासतो. मी फर्मान काढलं: जुना गिअर परत लाव, आणि यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की तीन फेऱ्या, वहीत नोंद, मगच दुसरी. पुतण्याची पद्धत अशी, की स्प्रिंग, टायर, गिअर सगळं एकदम बदलायचं आणि गाडी सुधारली तर का, बिघडली तर का, दोन्ही देवाला ठाऊक. महागड्या शर्यतीच्या गाडीत अशा वीस-तीस जागा असतात. ज्याला आपल्या गाडीचा एक दोष धड सांगता येत नाही, त्याच्या हातात तीस किल्ल्या देणं म्हणजे त्याला चुकायच्या तीस वाटा विकत घेऊन देणं. माझा त्या गाडीवर आक्षेप होता तो एवढाच. गाडी उत्तम असेल. जाणत्याच्या हातात, गालिच्यावर, ती टीटी-०२ला उभी राहू देणार नाही, हे मीही मान्य करतो.

पहिलं व्हाउचर टायरचं. ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले. फडकं काळं, फेरी १४.३. पुतण्या गप्प. अर्धा सेकंद, खर्च एक फडकं. (ते आमच्या सौ.चं असल्याचं नंतर समजलं.)

दुसरं व्हाउचर आबांचं. आबा एकेकाळी शंकरपटातले. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा त्यांनी बैलजोडी मोडली. डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने ती कायम केली, तोवर गुडघे गेले होते. पण नजर शाबूत. छकड्याच्या आसाला किती वंगण, जोडीत आतला कोण आणि बाहेरचा कोण, हे त्यांनी ऐंशीच्या सालापासून बघितलेलं. ते बराच वेळ गाडी बघत राहिले आणि म्हणाले, "लेका, तू वळणातच चाबूक कामून मारायलास? वळण सरू दे की. मंग मार."

पुतण्या वळणाच्या पोटातच पूर्ण वेग द्यायचा. मागची चाकं घसरायची, शेपूट पुढे यायचं. ही मंडळी त्यावर मागची स्प्रिंग मऊ करणं, मागची चाकं थोडी आत वळवणं असले इलाज सांगतात, आणि ते खरेही आहेत. पण आबांचा इलाज फुकट होता. १३.६.

तरी एक दुखणं उरलंच. उजव्या वळणाला गाडी शहाण्यासारखी वागे, डाव्या वळणाला गिरकी घेई. तिसऱ्या फेरीला हटकून. पुतण्याने लगेच चासिस वाकल्याचं निदान केलं. मी परभणीच्या एका ओळखीच्या सराफाकडून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. एका बाजूची दोन चाकं काट्यावर, दुसऱ्या बाजूची तितक्याच उंचीच्या बँकेच्या जुन्या डायऱ्यांवर. मग उलट. डावी बाजू चाळीस ग्रॅमने जड निघाली! नवी बॅटरी जड घेतली होती आणि ती एका अंगाला बसते, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगच्या पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या आणल्या. आठ पट्ट्या उजव्या अंगाला. गिरकी थांबली. १३.१.

तीन दिवसांत एक सेकंद सात दशांश. मी प्रस्तावावर शेरा मारला: बेअरिंगचा संच आणि तेलाचे शॉक अब्सॉर्बर मंजूर, काकांच्या खिशातून, बिनव्याजी. बाकी मागणी सहा महिन्यांनी, वहीसह पुन्हा सादर करावी. पुतण्याने शेरा वाचला, वही बॅगेत टाकली, निळं ॲल्युमिनियम काढून आबांच्या नातवाला खेळायला दिलं आणि सोमवारी परभणीहून गाडी पकडली. पप्पांना मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

काटा परत द्यायला गेलो तेव्हा सराफाने विचारलं, "काय साहेब, भरलं का बरोबर?"

मी आपल्याच नादात. म्हटलं, "चाळीस ग्रॅम जास्त निघालं हो! आम्हाला पत्ताच नव्हता."

तो काही बोलला नाही. चहा मात्र मागवला, आणि स्पेशल. मी घरी पोचायच्या आत त्याच्या बायकोचा आमच्या सौ.ला अभिनंदनाचा फोन येऊन गेला होता. पाडव्याला नवी पाटली टाकणार असं ऐकलं, म्हणे. दारातच सौ. उभी, हातात ते काळं फडकं. म्हणाली, "चाळीस ग्रॅम कुठंय?"