स्टेशन बदलतं, श्रोता का निघून जातो?



आजचा विषय तसा साधा आहे. रेडिओ स्टेशन आपलं रूप का बदलतं, आणि बदललं की त्याचा श्रोता का निघून जातो? यावर तयार उत्तर असतं, "जमाना बदलला, लोक मोबाइलवर गेले." हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. कारण श्रोता निघून जाण्याची आपल्याकडची सगळ्यांत मोठी घटना मोबाइल येण्याच्या चार दशकं आधी घडली. तिथूनच सुरुवात करू.

1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, विद्वान, शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं आधी कमी झाली आणि मग जवळजवळ दिसेनाशी झाली. त्या जागी शास्त्रीय आणि सुगम संगीत आलं. आता हेतू वाईट होता का? अजिबात नाही. कितीतरी कलावंतांना त्या काळात आकाशवाणीनं आधार दिला, हे मान्यच करायला हवं. पण श्रोत्यानं काय केलं? त्यानं वाद घातला नाही, मोर्चा काढला नाही. बटण फिरवलं आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या शेवटी तिथं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, अमीन सयानींचा आवाज घराघरांत गेला, आणि जाहिरातींचा पैसा कोलंबोला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. म्हणजे गेलेला श्रोता परत बोलवायला पाच वर्षं लागली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. विविध भारती हासुद्धा बदलच होता! मग एक बदल फसला आणि दुसरा टिकला, असं का? 'बदल केला म्हणून श्रोता गेला' हे विधान तर्काला धरून नाही. पहिल्या बदलात श्रोत्याला काय हवं असायला पाहिजे, हे वर बसून ठरलं होतं. दुसऱ्यात त्याला काय हवं आहे, हे निदान कबूल झालं होतं. फरक हा आहे.

आता जरा माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे येतो. घाबरू नका, दोनच मिनिटं. (हशा) 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय ते सांग. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? यांतलं एकही नाही. या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. रेडिओ स्टेशनचंही तेच आहे. मनोरा म्हणजे स्टेशन नव्हे. निवेदक म्हणजेही नव्हे, तो निवृत्त होतो आणि स्टेशन राहतं. गाणीही नव्हेत, ती आता कुठंही मिळतात. मग जुळणी कशाची? माझ्या मते वेळेची आणि भरवशाची. ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट येणार, हा स्टेशननं श्रोत्याला दिलेला शब्द असतो.

पुणे केंद्राचं 'गीतरामायण' आठवा. 1 एप्रिल 1955, रामनवमीला सुरू झालं आणि वर्षभर चाललं. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, छप्पन्न गीतं. लोक पुढच्या गीताची आठवडाभर वाट बघायचे. किंवा मुंबई केंद्राचं 'पुन्हा प्रपंच' घ्या. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही माणसं आपल्या शेजारी राहतात असं वाटायचं. यात फार मोठं तंत्र नव्हतं. शब्द दिला होता आणि तो पाळला जात होता, एवढंच.

मग खासगी एफएम आलं. 2001-02 चा काळ. त्या पहिल्या टप्प्यात परवान्याची फी दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणार, अशी अट होती. उत्पन्न वाढो न वाढो, फी वाढणारच. अशा परिस्थितीत व्यवस्थापक काय करेल? जास्तीत जास्त लोकांना चालेल तेच लावेल. मुंबईत 'गो 92.5' हे इंग्रजी वळणाचं स्टेशन होतं. त्याचा श्रोता लहान, पण जीव लावणारा. काही वर्षांतच त्याचं नाव बदललं, फ्रीक्वेन्सी बदलली, भाषा हिंदी झाली, आणि पुढे पुन्हा इंग्रजीकडे वळण घेतलं गेलं. ज्या श्रोत्यानं आधी जीव लावला होता, त्यानं दर वेळी मागे-मागे यायचं का? 2005 च्या धोरणानं फीची ती रीत मोडली आणि उत्पन्नाच्या 4 टक्क्यांवर आणली. पण सगळ्यांसारखं वाजायची सवय लागली ती लागलीच.

आणि श्रोते मोजतात कसे? 2007 पासून श्रोत्यांच्या डायऱ्यांवरून मोजणी सुरू झाली, ती मोजक्या महानगरांत. मुंबईतल्या डायरीत नेरळ नाही, कडाव नाही, खोपोली नाही. जो मोजला जात नाही तो बाजाराच्या लेखी ऐकतच नाही. त्यामुळे आपला श्रोता गमावला, हे त्या स्टेशनला कधी कळतसुद्धा नाही. माझी खरी टीका इथं आहे. श्रोता जातो याचं दुःख नंतरचं. आधी तो होता, याचीच नोंद नाही.

कर्जत-खालापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती भूगोलाची. आपल्या अंगणात डोंगर आहेत. जुनी मुंबई 'ब', पुढे जिला आपण अस्मिता वाहिनी म्हणू लागलो, ती 558 किलोहर्ट्झवर, मध्यम लहरींची. या लहरी जमिनीला धरून लांब जातात. खरखर होते, पण आवाज पोचतो. एफएमची लहर बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते. आवाज स्वच्छ, पण मध्ये माथेरानचा डोंगर आला की त्याच्या सावलीतलं गाव कोरडं. म्हणजे शहराच्या दृष्टीनं जी सुधारणा, ती डोंगरापलीकडच्या माणसासाठी दार बंद होणं असू शकते. आणि 'ॲपवर ऐका' हे उत्तर ठाकूरवाडीत रेंज शोधणाऱ्या माणसाला देऊन बघा.

हा नुसता करमणुकीचा प्रश्न असता तर मी तासभर घेतला नसता. 19 जुलै 2023 च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. रेडिओ असता तर दरड थांबली असती, असं मी म्हणणार नाही. तो खोटेपणा होईल. पण पावसाळ्यात उल्हास आणि पाताळगंगा किती चढल्यात, घाटात काय स्थिती आहे, लोकल कुठपर्यंत चालू आहे, हे आपल्या भाषेत, आपल्या गावांची नावं घेऊन सांगणारा आवाज कुठला? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खरं. पण हवामान, वाहतूक, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती द्यायला 2011 च्या धोरणानं मोकळीक दिली आहे. म्हणजे नियम आडवा येत नाही. आडवा येतो तो हिशेब, कारण आपल्या गावांच्या नावावर जाहिरात मिळत नाही.

मग उपाय काय? 2006 च्या धोरणानं सामुदायिक रेडिओचा रस्ता खुला केला. संस्था, महाविद्यालयं, कृषी विद्यापीठं परवाना मागू शकतात. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक असावे लागतात. म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, बारामतीला 'शारदा कृषी वाहिनी' आहे. आपल्या कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. 'कर्जत' नावाच्या भाताच्या जाती राज्यभर लावल्या जातात. भातावर करपा आला तर काय करायचं, हे सांगणारी माणसं इथंच आहेत आणि ऐकणारीही इथंच. मधला माइक तेवढा नाही.

पण सावध राहा. शंभर वॅटचं स्टेशन दहाबारा किलोमीटर जातं, डोंगर त्यालाही आडवे येतात, आणि पैसा कायम कमीच पडतो. दिवसभर सिनेमाची गाणी लावून वेळ भरायचा मोह तिथंही होतो. म्हणून कोणतंही स्टेशन काढताना किंवा बदलताना तीन प्रश्न विचारावेत. आज कोण ऐकतंय, हे आपल्याला ठाऊक आहे का? त्याला दिलेला कोणता शब्द आपण मोडतोय? आणि त्याला आधी विचारलं का? तिन्हींची उत्तरं देता आली तर खुशाल बदला, श्रोता तुमच्याबरोबर येईल. नाहीतर तो भांडणार नाही, पत्रही लिहिणार नाही. 1952 साली केलं तेच करेल.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. भातवाल्यांनी आधी विचारा, त्यांची शेवटची गाडी लवकर असते. (हशा)