सत्यशोधनाचे प्रपत्र आणि साक्षीदाराची भाषा

मानवी हक्कांच्या संशोधनात काही महिने उमेदवारी करण्यासाठी पदव्युत्तर विद्यार्थी जातो तेव्हा त्याच्या हाती प्रथम पडते ते बहुधा एक प्रपत्र. घटना कोठे घडली, केव्हा घडली, कोणाकडून घडली, कोणत्या हक्काचा भंग झाला, पुरावा काय, एवढे रकाने भरले की त्याचे काम झाले, अशी त्याची समजूत करून दिली जाते. समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयी आपल्या देशात जे संशोधन झाले आहे त्याचा मोठा भाग अशाच प्रपत्रांतून उभा राहिलेला आहे. त्याची उपयुक्तता वादातीत आहे. प्रश्न आहे तो त्याच्या भाषेचा, आणि तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनी केवळ समाजशास्त्राच्या वा कायद्याच्या विभागावर सोपवून मोकळे व्हावे असा नाही.

प्रपत्राला एवढे महत्त्व का आले, हे न्यायालयांचा इतिहास पाहिल्यास उमगते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निर्णय देताना प्रतिज्ञापत्रे व संशोधनात्मक अहवाल यांचा आधार घेतला. प्रौढांच्या खाजगी व संमतीच्या संबंधांना भारतीय दंडसंहितेचे 377 वे कलम लागू होणार नाही, असे त्या न्यायालयाने ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी सुरेशकुमार कौशल प्रकरणात तो निर्णय फिरविला. तेव्हा दिलेल्या कारणांपैकी एक असे की, याचिकाकर्त्यांनी छळाच्या घटनांचा पुरेसा तपशील दिला नाही. शिवाय दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेहूनही कमी खटले झाले. ज्या प्रकारच्या नोंदींना एका न्यायपीठाने प्रमाण मानले, त्या दुसऱ्याला अपुऱ्या वाटल्या.

यातील विसंगती सूक्ष्म आहे. ज्या कायद्याने मनुष्य गुन्हेगार ठरतो, त्याच कायद्याच्या जाचाची फिर्याद नावगावासह करावयाची म्हणजे कबुलीजबाबच देणे होय. पोलिसांनी उकळलेली लाच, परिचिताने दिलेली बदनामीची धमकी, घरमालकाने सांगितलेली जागा खाली करण्याची मुदत, यांपैकी काहीही खटला म्हणून नोंदले जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 377 व्या कलमाची वेगळी गणना सुरू केली तीच मुळी 2014 पासून. तेव्हा तपशिलाचा अभाव हा पुष्कळदा त्या कायद्याचाच परिणाम होता. नवतेज जोहर प्रकरणात 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कौशल निर्णय रद्दबातल केला. तथापि तपशिलाची ती मागणी संशोधकांच्या मनावर जी बसली, ती अद्याप उतरलेली नाही.

आता जेथे तपशिलाची मुळीच वाण नव्हती, असे एक प्रकरण पाहावे. मराठी विभागांना ते परके वाटू नये. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते व आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुखही. 8 फेब्रुवारी 2010 रोजी काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासस्थानी शिरली आणि एका रिक्षाचालकासमवेत त्यांचे चित्रीकरण झाले. लगेच त्यांना निलंबित करण्यात आले. निवृत्ती अवघ्या काही महिन्यांवर होती. 1 एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिल रोजी ते भाड्याच्या घरी मृतावस्थेत आढळले. त्या मृत्यूबद्दल पुढे कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही.

या प्रकरणाभोवती तीन प्रकारचे लेखन जमले: स्वतंत्र सत्यशोधन समितीचा अहवाल, न्यायालयाचा आदेश, आणि 2016 साली प्रदर्शित झालेला हन्सल मेहता यांचा ‘अलीगढ’ हा चित्रपट. आदेशाने खाजगीपणाचा हक्क आणि नोकरीशी वर्तनाचा संबंध, एवढाच प्रश्न पाहिला. त्याहून अधिक पाहणे त्याचे कामही नव्हे. चित्रपटाने त्या माणसाला एकांत दिला, पेल्यासोबत लताबाईंची जुनी गाणी ऐकण्याची संध्याकाळ दिली, आणि आपल्या भावनेला एका परकीय शब्दाचे लेबल लावू पाहणाऱ्यांविषयीची नाराजीही दिली. तीनही लेखनांत चित्रपट अधिक वाङ्मयीन ठरतो, तो या नाराजीमुळे. प्रपत्राला नेमका तोच शब्द हवा असतो.

सिरसांचा ‘पायाखालची हिरवळ’ हा कवितासंग्रह 2002 सालचा. त्यांचा मृत्यू सर्वांना ठाऊक, त्यांची कविता क्वचितच कोणी चाळलेली, ही स्थिती मराठी विभागांना भूषणावह नाही. येथे एक धोका मात्र आहे. आठ वर्षांनंतरच्या आपत्तीचा पुरावा म्हणून त्या कविता वाचणे म्हणजे कवीचा दुसऱ्यांदा पंचनामा करणे होय. कवितेत कवीचे चरित्र शोधू नये, हे मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर मराठी समीक्षेला नव्याने शिकविण्याची गरज नसावी. म्हणून त्या कविता दप्तरात जोडावयाच्या नाहीत. ज्याच्याविषयी वाक्ये लिहावयाची, त्याची स्वतःची वाक्ये आधी वाचलेली असावीत, इतकीच अपेक्षा येथे आहे.

साक्षीदाराच्या भाषेचा विचार मराठी रंगभूमीने यापूर्वी केला आहे. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या 1981 साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात मित्राची कहाणी ती स्वतः सांगत नाही, बापू सांगतो. बापू सहृदय आहे, निरोप्या आहे, आणि शेवटी असमर्थ आहे. मित्राच्या शोकांताची चर्चा पुष्कळ झाली. परंतु नाटकाचे खरे सामर्थ्य बापूच्या निवेदनात आहे, कारण त्याला समजलेले आणि न समजलेले त्यात शेजारी शेजारी उभे राहते. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला नाटककाराने मृत्यूच द्यावा काय, हा आक्षेप रास्त आहे व तो राहीलच. परंतु मुलाखत घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याने आपले टिपण बापूच्या निवेदनाशेजारी ठेवून पाहावे. त्याच्या टिपणात टिपणारा कोठेच नसतो. ऐकताना आपण कोठे अडखळलो, कोणता प्रश्न विचारावयास नको होता, याला प्रपत्रात रकाना नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो वरील साऱ्या विवेचनावर आहे. त्या रात्री सिरसांच्या घरी दुसराही एक मनुष्य होता. बहुतेक लेखनात तो केवळ व्यवसायाने ओळखला जातो. त्याचा कवितासंग्रह नाही, त्याला निलंबित करणारे विद्यापीठ नाही, आणि त्याच्या वतीने खाजगीपणाचा हक्क मागणारी याचिका त्या आदेशात नाही. त्याचे नाव न छापणे योग्यच. परंतु नाव गाळल्यावर त्याच्याविषयी काय लिहिले गेले, हे तपासले तर हाती फारसे काही लागत नाही. अशा मनुष्याची वाक्ये वाचावयाची तर ती प्रथम कोणीतरी त्याच्याच बोलीत, त्याच्या संमतीने आणि त्याच्या सवडीने उतरवून घ्यावी लागतात. उमेदवारीच्या काही महिन्यांत विद्यार्थ्याला करता येण्याजोगे हे काम आहे, आणि भाषेच्या विभागातून गेलेल्या विद्यार्थ्याची त्यासाठी काही तयारी असावयास हवी.