गेर्निका : विणणारीचं नाव

पिकासोचं 'गेर्निका' मी पहिल्यांदा पाहिलं ते रंगातलं नाही, धाग्यातलं. तेही फोटोत. पाळी सुटल्यावर एका मित्राच्या खोलीवर. मित्र म्हणाला, ही नक्कल रे, अस्सल माद्रिदला आहे. नक्कल हा शब्द मला टोचला. मी साच्यावर काम करतो. कापड काय असतं ते मला कुणी पुस्तकातून सांगायला नको.

२६ एप्रिल १९३७ ला जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनच्या बास्क मुलखातलं गेर्निका गाव भाजून काढलं. पिकासोनं त्याच साली पॅरिसात पावणेआठ मीटर रुंद चित्र काढलं. काळं, पांढरं, करडं. हे तुम्हाला ठाऊक असेल. १९५५ साली अमेरिकेच्या नेल्सन रॉकफेलरनं पिकासोच्या संमतीनं ते विणून घेतलं, हेही कुठंतरी छापलेलं सापडतं. विणलं कुणी? तिथं सगळे गप्प. फ्रान्सच्या दक्षिणेत जॅकलीन द ला बोम द्यूरबाक या बाईनं. आराखडा तिचा नवरा रने यानं आखला.

आमच्या गिरणीत धोटा या काठापासून त्या काठापर्यंत पळतो. असल्या पडद्यात तसं नसतं. ज्या रंगाचा बाणा, तो त्या रंगाच्या हद्दीपर्यंतच जातो आणि माघारी फिरतो. दर रंगाची कांडी वेगळी. ताणा सगळा झाकून जातो, दिसतो तो फक्त बाणा. तिरकी रेघ आली की पायऱ्या पडतात, त्या कुठं पाडायच्या ते हातानं ठरवायचं. पिकासोनं घोड्याची ती टोकदार जीभ दोन फटकाऱ्यांत काढली असेल. बाईला ती एकेक फेरी करत, शेजारचं सगळं सोबत घेऊन चढवावी लागली. याला नक्कल म्हणणाऱ्यानं एक वीत विणून दाखवावं.

पण म्हणून मी नुसती आरती करणार नाही. पडद्यात करडा रंग तपकिरी, मातकट झालाय. चित्रातला काळा-पांढरा वर्तमानपत्रासारखा अंगावर येतो. तपकिरीला ऊब असते. ही ऊब शेठजीच्या दिवाणखान्याला शोभते, मेलेलं पोर धरून ओरडणाऱ्या बाईला नाही. तिथं मला पडदा कमी पडलेला वाटतो.

असं मी म्हणतो, आणि मग २००३ आठवतं. १९८५ पासून हा पडदा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दारात टांगलेला. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री पॉवेल इराकवरच्या लढाईची वकिली करायला तिथं आला, तेव्हा त्यावर निळं कापड टाकलं होतं. कारण सांगितलं, टीव्हीवाल्यांना मागं साधा रंग पाहिजे. च्यायला, पटतं का? माद्रिदचं अस्सल चित्र झाकायची कुणाला गरज पडली नाही. झाकावी लागली ती 'नक्कल'. तपकिरी, उबदार, तरी झाकावी लागली! माझी वरची टीका मी खोडत नाही, पण तिच्याशेजारी हेही लिहून ठेवतो. पुढं २०२१ मध्ये रॉकफेलरच्या घरच्यांनी पडदा परत नेला, २०२२ मध्ये पुन्हा आणून लावला. मालक तो मालक.

विणणं हा हलका हात, चित्र काढणं हे डोकं, असं समजणारे तिकडंही आहेत. आपल्याकडं तर विणण्यालाही सोवळं होतं. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि बाकीच्यांना आपल्या उष्ट्याचा विटाळ. रिंगखात्यात मरा, तिथं पगार कमी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा मजुरांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असतील. म्हणून मित्रांनो, साच्यावर उभं राहताना मला ते नुसतं पोटाचं काम वाटत नाही. आणि विणणारीचं नाव गाळलं की मला राग येतो, मग ती फ्रान्सची का असेना.

या पडद्याच्या आणखी दोन प्रती तिनंच विणल्या. एक फ्रान्समध्ये कोलमारला आहे, एक जपानात गुन्माला. आपल्यातले पुष्कळ जण गेर्निकावर कविता लिहितात, मीही लिहिली आहे. पुढच्या वेळी कुणी धाडली तर पिकासोच्या खाली जॅकलीनचंही नाव घाला. स्टेन्सिलवर एक ओळ जास्त जाईल, जाऊ द्या.