इमानाचे बलुते

परंड्याच्या आमच्या वस्तीतला एक तरुण दिवाळीला घरी आला, तेव्हा त्याने खिशातून एक छापील कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. पुण्याकडच्या एका कारखान्यात तो कंत्राटदारामार्फत काम करतो. कार्डावर कंपनीची मूल्ये होती : सचोटी, शिस्त, कामावर प्रेम आणि शेवटी ‘आपण सारे एक कुटुंब’. मी विचारले, “हे तुला पटते का?” तो म्हणाला, “सर, पाठ आहे. साहेबानं विचारलं की म्हणून दाखवायचं.”

या उत्तराला कुणी कामचुकारपणा म्हणेल. मला मात्र ती एका मजकुराची समीक्षा वाटली. तीच येथे थोडी पुढे न्यायची आहे.

या तरुणाचा गणवेश कायम कामगारांहून निराळ्या रंगाचा आहे. जेवणाची वेळही निराळी आहे. ज्या कुटुंबात पंगत वेगळी बसते, ते कुटुंब आम्हाला नवे नाही. गावगाड्यानेही आम्हाला ‘आपली माणसे’च म्हटले होते. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा या आपलेपणाचा हिशेब त्यांनी उघड केला. कामाला ठरावीक वेळ नाही. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ते विधेयक आम्हाला लागू होणारे नव्हते, पण त्यातले दुखणे आमचेच होते. वेतन निश्चित नाही आणि इमान मात्र निश्चित, हे त्या व्यवस्थेचे सूत्र होते.

हे सूत्र वतनाबरोबर संपले काय? मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे कुटुंब हा शब्द येथे मजुरीचे मापच होतो! उचल मुकादमाकडून घ्यायची आणि एक दिवस चुकला की ‘खाडा’ म्हणून दंड भरायचा. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा या खाड्याचीही चर्चा झाली. शरीर देऊनही ज्या कारखान्याच्या हजेरीपटावर नाव लागत नाही, त्याच्याविषयी निष्ठा कुठून आणायची?

आमच्या साहित्याने या माणसाला कितपत ओळखले आहे? बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या कथेत रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी आलेला नायक जात लपवून राहतो. आत एक आणि बाहेर एक असे जगण्याचा ताण बागुलांनी नेमका पकडला. पुढे आपण भूक लिहिली, बंड लिहिले. पण पगार हातात पडेपर्यंत रोज मान डोलावणारा आणि मनात हिशेब मांडणारा कामगार माझ्या वाचनात फार थोड्या ठिकाणी आला. चळवळीनेही त्याला ‘जाणीव नसलेला’ म्हणून बाजूला ठेवले. ही आपली चूक आहे. जाणीव त्याला आहे, संघटना नाही.

अर्थात, त्या मान डोलावण्याचा गौरव करण्याचे कारण नाही. मनातला नकार मनातच राहिला, तर मालकाचे काहीच बिघडत नाही. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्या कार्डावर मला दोघांच्याही सह्या दिसतात : राबवून घेणारी एक आणि वेगळ्या पंगतीला बसवणारी दुसरी.

निघताना त्या तरुणाने सहज एक गोष्ट सांगितली. त्याच्या पाळीतल्या एका परप्रांतीय मुलाचे बोट यंत्रात गेले. कंत्राटदाराने हात वर केले. तेव्हा त्याच्या पाळीतल्या सगळ्यांनी पगारातून वर्गणी काढली आणि दवाखान्यात आळीपाळीने रात्री जागल्या. ते त्यांना कुठल्याही कार्डाने शिकवले नव्हते. ज्याला मूल्य नाही असे म्हटले जाते, त्या कामगाराचे मूल्य हे आहे. जिथून इमान परत मिळते, तिथे तो ते खर्च करतो.

ते कार्ड माझ्याकडेच आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे. तिथे काय लिहायचे, हे आता त्या मुलांनी ठरवायचे आहे, आणि ते लिहिताना आपण त्यांच्या शेजारी असले पाहिजे.