अभ्यासक्रमाचा गृहीत वाचक

ऑनलाइन अभ्यासक्रमांची चर्चा आपल्याकडे तंत्रज्ञानाच्या अंगाने होते, प्रशासनाच्या अंगाने होते. संहिता म्हणून मात्र क्वचितच होते. वास्तविक अभ्यासक्रम हीही एक रचनाच. तिला निवेदक असतो, क्रम असतो आणि तिने एक वाचक गृहीत धरलेला असतो. हा वाचक कोण, एवढाच प्रश्न मी येथे विचारणार आहे.

तो सुचला भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीत. शेजारची मुलगी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब लिहिते. पैसे भरून तिने स्प्रेडशीटचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला आणि तिसऱ्या पाठाशी सोडला. “काका, मलाच डोकं नाही,” ती म्हणाली. मी ते पाठ पाहिले. पाऊण तासाचे एकेक व्याख्यान, फळ्यापुढे दिलेले तसेच चित्रित केलेले. मध्ये थांबायला जागा नाही, हाताला काम नाही. शेवटी दहा प्रश्न, तेही व्याख्यात्याचे शब्द आठवतात का एवढेच तपासणारे. या संहितेचा गृहीत वाचक रिकाम्या वेळेचा आणि आधीच निम्मे जाणणारा आहे. लोकलने दमून घरी येणारी मुलगी त्यात कुठेच नाही.

तुलनेसाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ घेऊ. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात एक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. लिब्रेऑफिस कॅल्कचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात. पाठाची संहिता आधी लिहितात आणि एखाद्या नवख्या माणसाकडून तपासून घेतात. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर: ऐकायचे, थांबवायचे, करून पाहायचे. त्याच संस्थेतील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या विद्यार्थिकेंद्री प्रतिमानातही व्हिडिओच्या मध्येच विचाराला थांबा दिलेला आहे. दोन्हीकडे थांबणे हा व्यत्यय नाही, रचनेचा भाग आहे.

निवेदन मराठी ठेवूनही पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच ठेवण्याचा स्पोकन ट्युटोरियलचा निर्णय काहींना खटकेल. मला तो पटतो. कामावर इंग्रजी मेनूच भेटणार असतो. समजावणी आपल्या भाषेत, खुणा कामाच्या भाषेत. मर्यादा दुसरीकडे आहे. पडद्याचे दोन भाग करायला संगणक लागतो. शेजारच्या मुलीकडे फोन आहे. त्या हातभर नव्हे, वीतभर काचेवर ऐकता येते, करता येत नाही. म्हणजे या उत्तम संहितेनेही एक वाचक गृहीत धरलाच आहे: टेबलाशी बसलेला.

सध्या ती कारखान्यातल्या संगणकावर, जेवणाच्या सुट्टीत एकेक पाठ करते. दहा मिनिटे त्या सुट्टीत बसतात, पाऊण तास बसत नव्हता. सुट्टी नसलेल्या दिवशी पाठ होत नाही.

पुस्तक अर्ध्यात मिटणाऱ्याला आपण मठ्ठ म्हणत नाही. पुस्तकाकडेही एकदा संशयाने पाहतो. अभ्यासक्रम सोडणाऱ्याला मात्र लगेच दोष देतो, आणि तोही तो स्वतःवर ओढून घेतो. समीक्षेने निदान हा दोष योग्य पत्त्यावर पोचवावा.