टेरी सायकलचं पुढचं चाक

जॉर्जिना टेरी यांची सायकल पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, दुकानदाराने घाईत भलतंच चाक बसवलंय. मागचं नेहमीचं ७०० सी, पुढचं मात्र २४ इंची. अमेरिकेत रॉचेस्टर परिसरात राहणाऱ्या या मेकॅनिकल इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये कंपनी काढली ती कमी उंचीच्या स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून. हे चाक खटकतं खरं, पण सायकलची सगळी गंमत तिथेच आहे.

लहान फ्रेममध्ये अडचण पावलाची असते. अगदी हळू जाताना हँडल डावीकडे बरंच वळवलं की पुढच्या चाकाची मागची कड उजवीकडे येते. नेमका तेव्हाच उजवा पाय पुढे असला की बुटाचं टोक टायरला घासतं. वेगात असताना असं होत नाही, कारण तेव्हा आपण कलून वळतो, हँडल जेमतेम हलतं. पण सामान लादून घाट चढणाऱ्याचा वेग तो किती! त्यात मडगार्ड असलं तर उरलीसुरली फटही जाते.

ढोबळ हिशेब मांडू. क्रँक १७० मिलिमीटर, पायडलच्या आसापुढे बुटाचं टोक साधारण १००, आणि २८ मिलिमीटरचा टायर धरून ७०० सी चाकाची त्रिज्या ३३९. बेरीज ६०९. लहान फ्रेममध्ये क्रँकच्या आसापासून पुढच्या आसापर्यंतचं अंतर मात्र ५८० च्या आसपास. टेरींच्या २४ इंची रिमवर तेवढ्याच जाडीचा टायर चढवला तर त्रिज्या २८८ भरते, बेरीज ५५८. पाऊल सुटलं!

इतर कारागीर इथे कोनांशी खेळतात. चिमटा पुढे झुकवतात, नाहीतर सीटची नळी उभी करून दांडी कागदावर आखूड दाखवतात. त्यात बसणाऱ्याचे हात ताणलेलेच राहतात. टेरींनी माणसाला जागचं हलवलं नाही, चाक बदललं. शिवाय चाक लहान झाल्याने चिमट्याचा माथा खाली आला आणि हँडलखालच्या नळीला पुरेशी लांबी मिळाली. लहान फ्रेममध्ये ७०० सी चाक कोंबलं की हीच नळी बोटभर उरते. वरची दांडी आणि खालची नळी तिथे एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात. टेरींची फ्रेम बाजूने पाहावी, ती आक्रसलेली वाटत नाही.

आपल्याकडच्या काळ्या सायकलीला २८ इंची चाकं आणि ऐसपैस मडगार्डं असूनही वहाण अडत नाही, कारण तिचा चिमटाच लांब पुढे गेलेला. त्याची किंमत ती वजनात आणि लांबीत मोजते.

टेरींची किंमत निराळी: दोन मापांच्या ट्यूब बाळगा, आणि २४ इंची अरुंद टायर गावोगावी मिळेल या भरवशावर राहू नका. शिवाय लहान चाक खड्ड्यात जास्त उतरतं. सर्ली कंपनीने आपल्या लाँग हॉल ट्रकर या सायकलच्या लहान मापांना पुढेमागे दोन्हीकडे २६ इंची चाकंच दिली. लांबच्या सफरीला मी तीच नेईन. रचना म्हणून मात्र टेरींची सरस वाटते. फक्त जिथे अडत होतं, तिथेच त्यांनी हात घातला.